गिळण्याच्या दुर्बीण-तपासणीआधी नाक बधिर करून घ्यावे का?

अनुराधा_क (धागाकर्ती)

माझ्या वडिलांना पावसाळ्यात पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू कमजोर झाली, बोलणे जवळजवळ बंद झाले आणि तेव्हापासून त्यांचे खाणेपिणे राईल्स नळीवर (नाकातून जठरात जाणाऱ्या नळीवर) चालू आहे. तोंडाने खायला कधी सुरुवात करता येईल हे ठरवण्यासाठी नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणे पाहण्याची तपासणी (फीज) सांगितली गेली. पहिल्या रुग्णालयात नाक बधिर न करताच दुर्बीण घातली. वडिलांनी मान फिरवली, डाव्या हाताने डॉक्टरांचे मनगट घट्ट धरले, डोळ्यांतून घळाघळा पाणी आले आणि दोन-तीन घासांनंतर तपासणी सोडून द्यावी लागली. अहवालावर ‘रुग्णाचे सहकार्य अपुरे’ असा शेरा आहे.

आता दुसरीकडे तीच तपासणी करायची आहे. तिथले नाक-कान-घसा तज्ज्ञ म्हणतात की लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे जेल लावून करू, त्रास होणार नाही. घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्ट म्हणतात की बधिर केले तर तपासणीला अर्थच राहत नाही. दोघेही जाणते आहेत आणि दोघांवरही माझा विश्वास आहे, त्यामुळे पंचाईत झाली आहे. ज्यांना या तपासणीचा अनुभव आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात त्यांनी कृपया लिहावे.

रानवारा

मागच्या वर्षी माझी जठराची दुर्बीण-तपासणी झाली तेव्हा घशात फवारा मारला होता. चव कडूजहर होती, पण नंतर नळी गेल्याचे फारसे कळले नाही. जो दिलासा मला मिळाला तो तुमच्या वडिलांना का मिळू नये, हे मला खरोखर समजत नाही.

घसादर्पण

मी नाक-कान-घसा तज्ज्ञ आहे. प्रत्यक्ष रुग्ण न पाहता लिहीत असल्यामुळे हे सर्वसाधारण माहिती म्हणूनच वाचावे.

रानवारा यांच्या घशातला फवारा आणि अनुराधाताईंना सुचवलेले नाकातले जेल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जठराच्या तपासणीत घशाची उबळ मारणे हाच हेतू असतो. रुग्ण उपाशी असतो आणि घशाचा बधिरपणा उतरेपर्यंत त्याला पाणीसुद्धा देत नाहीत. फीजमध्ये नेमके उलटे आहे, कारण दुर्बीण आत असतानाच रुग्णाला खायला-प्यायला द्यायचे असते. घसा बधिर करून खायला देणे म्हणजे दाताच्या डॉक्टरकडून येऊन लगेच शेंगदाणे चावायला बसणे. गाल कधी चावला गेला ते कळतही नाही.

नाकाची गोष्ट वेगळी आहे. नाकाच्या आतल्या अस्तराची संवेदना ट्रायजेमिनल नस वाहून नेते. घशाची संवेदना ग्लॉसोफॅरिंजिअल आणि व्हेगस या नसांकडे असते आणि स्वरयंत्राच्या तोंडाशी जी जागरूकता असते ती व्हेगसच्या वरच्या स्वरयंत्रीय शाखेची. दुर्बिणीचा त्रास बहुतांशी नाकात होतो आणि गिळण्याचे संरक्षण खाली घशात असते. औषध वर राहिले तर दोन्ही हेतू साधतात, या विचाराने आम्ही दोन टक्के जेल नाकपुडीच्या पुढच्या भागात बोळ्याने लावतो. दोन ते पाच मिनिटांत परिणाम सुरू होतो.

शब्दवेल

मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि पक्षाघाताच्या रुग्णांच्या गिळण्यावर काम करते. घसादर्पण यांनी नसांचे जे वर्णन केले ते अचूक आहे, परंतु ‘औषध वर राहिले तर’ या चार शब्दांतच सगळी अडचण आहे. औषध वर राहत नाही. जेल लावले की रुग्ण नाक ओढतो, डोके मागे टेकलेले असते, आणि जेल लाळेबरोबर नाकाच्या मागून घशात उतरते. फवारा मारला तर ते आणखी लवकर होते. ज्या माणसाला मोकळेपणी शिंकरता येत नाही आणि आलेली लाळ वेळेवर गिळता येत नाही, त्याच्या घशात ते साचून राहते.

आम्ही या तपासणीत काय पाहतो तेही सांगते. दुर्बीण मऊ टाळूच्या मागे येऊन थांबते आणि पडद्यावर जिभेचा मागचा भाग, स्वरयंत्राचे झाकण आणि त्यामागे दोन्ही स्वरतंतू दिसतात. हिरवा खाद्यरंग घातलेले पाणी, दही, मग बिस्किट असे क्रमाने देतो. गिळण्याच्या क्षणी पडदा पांढरा होतो, कारण घसा आवळून दुर्बिणीच्या टोकाला चिकटतो. तो क्षण सरला की हिरवा रंग कुठे उरला आहे ते पाहायचे. स्वरतंतूंच्या खाली हिरवे दिसले आणि रुग्ण खोकला नाही, तर त्याला आम्ही सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतो आणि पक्षाघातात सर्वांत जास्त भीती त्याचीच असते. असा घास रोज फुप्फुसात जात राहिला तर न्यूमोनिया होईपर्यंत घरच्यांना पत्ताही लागत नाही.

आता नाक बधिर केले आहे आणि रुग्ण खोकला नाही. तो का खोकला नाही? पक्षाघातामुळे की जेलमुळे? या प्रश्नाचे उत्तर मला अहवालात लिहायचे असते, आणि त्यावर पुढे कित्येक आठवडे तोंड बंद ठेवायचे की पातळ पेज सुरू करायची हे ठरते.

शंकासुर

शब्दवेल यांचा मुद्दा पटण्याजोगा आहे, तरी तो अर्धाच आहे. बधिर केल्याने निकाल बिघडू शकतो हे मान्य करू. मग त्रासाने निकाल बिघडत नाही का? जो माणूस श्वास रोखून, खुर्चीचा दांडा धरून, डोळ्यांतले पाणी पुसत बसला आहे, तो घरी जसा वरणभात गिळेल तसाच तिथे गिळतो असे आपण कशाच्या आधारावर मानायचे? अनुराधाताईंच्या वडिलांची पहिली तपासणी बधिर न करता झाली आणि तिचा निष्कर्ष ‘सहकार्य अपुरे’ एवढाच निघाला. शुद्धता जपली गेली आणि माहिती मात्र हाती लागली नाही.

शिवाय ज्याला बोलता येत नाही त्याच्या दुखण्याला ‘असहकार’ म्हणणे मला फार खटकले.

तुळसमंजिरी

शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन.

प्रवाळ

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, परंतु आईच्या आजारपणात या विषयावरचे बरेच वाचन झाले.

ही तपासणी सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रथम मांडली. बधिर करण्याचा वाद त्यानंतर लवकरच सुरू झालेला दिसतो. १९९७ मध्ये स्टीव्हन लेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बधिर करणारे औषध, नाक मोकळे करणारे औषध आणि निव्वळ बनावट औषध यांची तुलना केली. कोणाला काय दिले आहे हे रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. रुग्णांनी सांगितलेल्या त्रासात लक्षणीय फरक आढळला नाही. नाक-घशाच्या लवचीक दुर्बिणीपूर्वी अशी औषधे वापरण्याला पुरेसा आधार नाही, असेच उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०११ च्या कॉक्रेन आढाव्याचेही म्हणणे आहे. म्हणजे ‘बधिर केले की त्रास होणार नाही’ हे आश्वासन आपल्याला वाटते तितके भक्कम नाही.

दुसऱ्या बाजूने पाहायचे तर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांचे नाक बधिर करून गिळणे तपासले, तेव्हा घास श्वासमार्गाकडे जाण्याचे गुणांकन बधिर केल्यानंतर किंचित बिघडलेले दिसले. त्यानंतर २०१५ मध्ये गिळण्याचा त्रास असलेल्या प्रत्यक्ष रुग्णांना औषधाची मात्रा बरीच कमी करून, मिलिलिटरचा छोटासा अंशच नाकात देऊन पाहिले, तेव्हा गिळण्यावर ठळक वाईट परिणाम आढळला नाही आणि तपासणी सहन करणे सोपे गेले. या दोन्ही अभ्यासांत लँगमोर स्वतः सहभागी होत्या हे मला विशेष वाटले. ज्यांनी तपासणी घडवली त्याच तिच्या मर्यादा तपासत राहिल्या.

यावरून मला असे दिसते की ‘बधिर करावे की नाही’ असा प्रश्न विचारण्यापेक्षा ‘कुठे आणि किती’ असे विचारले पाहिजे.

घसादर्पण

प्रवाळ यांनी नेमके मर्मावर बोट ठेवले. मात्रेचा हिशोब सोपा आहे. चार टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम लिग्नोकेन असते, म्हणजे वरच्यासारख्या अल्प, ०.२ मिलिलिटर मात्रेत ८ मिलिग्रॅम. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या दहा टक्के फवाऱ्याच्या प्रत्येक दाबाला १० मिलिग्रॅम बाहेर पडते, आणि तो दोन-तीनदा सहज दाबला जातो. विषबाधेच्या दृष्टीने हे आकडे मोठ्या माणसाला किरकोळ आहेत, परंतु फवाऱ्याचे एवढे औषध घशात उतरले तर तिथली जाणीव घालवायला पुरेसे आहे. म्हणून फीजसाठी फवारा मी स्वतः वापरत नाही.

शंकासुर

अभ्यासांबद्दल एक शंका. तिथे सरासरी काढलेली असते. दहापैकी आठ जणांना नाकातल्या दुर्बिणीचे काहीच वाटत नसेल आणि दोघांचा जीव कासावीस होत असेल, तर सरासरीत ते दोघे बुडून जातात. अनुराधाताईंचे वडील त्या दोघांपैकी आहेत हे आपल्याला आधीच कळलेले आहे.

मावळतीचे_ऊन

मी रुग्ण म्हणून लिहितो. मला जिभेच्या मुळाशी कर्करोग होता आणि किरणोपचारानंतर तोंडात, घशात सोलवटल्यासारखे होई. त्यातच आयुष्यभर सुपारी आणि गुटखा चघळल्यामुळे तोंड दोन बोटांहून जास्त उघडत नसे, म्हणून सगळ्या तपासण्या नाकातूनच झाल्या. जेवणाआधी लिग्नोकेनचे दाट औषध तोंडात घोळवून गिळायला सांगितले होते. त्याशिवाय खिमटसुद्धा घशाखाली उतरत नव्हते. दुर्बीण-तपासणीच्या दिवशीही नेहमीच्या सवयीने मी घरून ते घेऊनच निघालो. मला ते कोणी विचारले नाही आणि सांगायचे असते हे मला ठाऊक नव्हते.

या धाग्यावरची चर्चा वाचून आता प्रश्न पडला आहे की माझा अहवाल नेमका कशाचा होता.

शब्दवेल

काका, तुमच्या अनुभवामुळे एक फार महत्त्वाची बाब पुढे आली. आम्ही सगळे नाकातल्या थेंबभर जेलवर वाद घालत आहोत आणि रुग्ण घरून घसा बधिर करून येतो. विचारायची जबाबदारी आमची आहे. माझ्या मते अशा रुग्णाला आधी औषधाशिवाय तपासावे, आणि तो रोज औषध घेऊनच जेवत असेल तर वेळ ठेवून औषध घेतल्यानंतरही दोन घास देऊन पाहावेत. घरी त्याचे जेवण ज्या स्थितीत होते त्या स्थितीतला धोकाही कळलाच पाहिजे. किरणोपचारानंतर अनेकांची घशाची जाणीव मुळातच मंदावलेली असते, त्यामुळे जेवताना पाणी पिऊन ठसका येत नाही याचा अर्थ सगळे ठीक आहे असा घेऊ नये.

कोरा_कागद

गंभीर चर्चेत व्यत्यय आणतो, क्षमस्व. माझ्या आजोबांनी त्या हिरव्या दह्याबद्दल डॉक्टरांना विचारले होते की कडेला थोडे लोणचे मिळेल का. महिनाभर तोंडाला चव नसलेल्या माणसाला ती तपासणी म्हणजे मेजवानी वाटली आणि नाकातल्या दुर्बिणीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

तुळसमंजिरी

कोरा_कागद, आजोबांना नमस्कार सांगा. लोणच्याची मागणी रास्त आहे.

जुना_जाणता

थोडे मागे जाऊन पाहिले तर नाक-घसा बधिर करण्याची प्रथा आजच्या लवचीक दुर्बिणीपेक्षा जुनी आहे. कोकेनने डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो हे कार्ल कोलर यांनी व्हिएन्नात १८८४ मध्ये दाखवले आणि काही महिन्यांतच घशाचे डॉक्टर तेच स्वरयंत्रावर वापरू लागले. लिग्नोकेन स्वीडनमध्ये नील्स लॉफग्रेन यांनी १९४३ च्या सुमारास तयार केले. त्या पिढ्यांना घसा स्तब्ध हवा होता, कारण त्यांना आत पाहायचे किंवा कापायचे होते. घसा जागा ठेवून पाहायची गरज गिळण्याच्या तपासणीने पहिल्यांदा निर्माण केली. जुन्या सवयीची फवाऱ्याची बाटली त्यामुळेच टेबलावर राहून गेली असावी, असा माझा तर्क आहे.

उत्तरायण (इंग्लंड)

इथे ही तपासणी बऱ्याच रुग्णालयांत प्रशिक्षित स्पीच थेरपिस्ट स्वतः करतात. बधिर करण्याचे औषध मात्र त्यांनी आपल्या मनाने द्यायचे नसते. त्यासाठी रुग्णालयाची लेखी व्यवस्था लागते. त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक वेळा औषधाविनाच काम चालते. माझ्या सासूबाईंच्या वेळी दुर्बीण घालण्याआधी थेरपिस्टने दोन्ही नाकपुड्यांतून श्वास घ्यायला लावून कोणती मोकळी आहे ते पाहिले, दुर्बिणीचे टोक त्यांच्या हाताला लावून दाखवले आणि दुर्बीण आत गेल्यावर सासूबाई स्थिर होईपर्यंत पहिला घास दिलाच नाही. सगळे अर्ध्या तासात आटोपले. त्यांना नाकात झणझणल्यासारखे झाले, पण तक्रार नव्हती.

घसादर्पण

उत्तरायण यांनी सांगितलेल्या गोष्टींना मी जेलपेक्षा जास्त महत्त्व देईन. दुर्बीण तीन ते चार मिलिमीटर जाडीची असते. नाकाचा पडदा एका बाजूला वाकलेला असेल आणि घाईने त्याच बाजूने घातली तर कितीही बधिर करा, दुखणारच. मोकळी बाजू निवडावी, नाकाच्या तळालगत हळूहळू पुढे जावे, औषध नसलेले साधे वंगण बाहेरच्या बाजूला लावावे, टोकाच्या काचेला लागू देऊ नये, नाहीतर चित्र धुरकट होते. नाक चोंदलेले असेल तर झायलोमेटाझोलीनचे थेंब आधी घालता येतात. त्याने आतली सूज उतरते आणि जागा होते, घशाची जाणीव मात्र जात नाही. रक्तदाब फार वाढलेला असेल तर ते थेंब डॉक्टरांना विचारूनच घालावेत.

अनुराधा_क

सर्वांचे मनापासून आभार. आता मुद्द्याचे तीन प्रश्न विचारते. वडिलांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्याची अडचण येईल का? त्यांना दुखते आहे हे सांगता येत नाही, तर ते कसे ओळखायचे? आणि त्यांच्या उजव्या नाकपुडीत राईल्स नळी आहे, तिचे काय करतात?

घसादर्पण

गोळ्यांबद्दल आधीच सांगून ठेवा, परंतु केवळ या तपासणीसाठी त्या स्वतःहून बंद करू नका. पक्षाघाताच्या रुग्णाने गोळ्या चुकवण्याचा धोका नाकातून चार थेंब रक्त येण्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. लिग्नोकेनची किंवा दाताच्या इंजेक्शनची पूर्वी कधी रिॲक्शन आली असेल तर तेही सांगा.

शब्दवेल

दुखण्याबद्दल: डाव्या हाताची खूण आधीच ठरवा. हात वर केला की दुर्बीण तिथेच थांबेल, हे वडिलांना तपासणीआधी घरी आणि पुन्हा तिथे करून दाखवा. बोलणे गेलेल्या माणसालाही खुणेचे पुष्कळ समजते, आणि आपल्या हातात थांबवण्याची सोय आहे हे कळले की बरीच झटापट आपोआप कमी होते. खूण समजतच नसेल तर कपाळावरच्या आठ्या, मुठीची पकड आणि श्वासाची गती पाहणारा घरचा एक माणूस समोर उभा ठेवायला सांगा.

बधिर करण्याबद्दल माझे मत चर्चेने थोडे सरकले आहे, हे नमूद करते. शंकासुर यांचे म्हणणे बरोबर आहे की अर्धवट सुटलेली तपासणीसुद्धा रुग्णाचे नुकसानच करते. मी अजूनही पहिला प्रयत्न औषधाविना, घसादर्पण यांनी सांगितलेल्या काळजीने करावा असेच म्हणेन. तो जमला नाही तर एकाच नाकपुडीच्या पुढच्या भागात अत्यल्प जेल बोळ्याने लावावे, उरलेले पुसून घ्यावे, फवारा नको. आणि खायला देण्याआधी दुर्बिणीचे टोक स्वरयंत्राच्या कडेला हलकेच टेकवून तिथली जाणीव जागी आहे का ते पाहावे. औषध कोणते, किती, कोणत्या बाजूला आणि किती वाजता लावले हे अहवालात लिहून घ्या. पुढे तो अहवाल वाचणाऱ्याला ‘खोकला आला नाही’ या वाक्याचा अर्थ लावायचा असतो.

शंकासुर

हे मला मान्य आहे. फक्त ‘पहिला प्रयत्न औषधाविना’ हा त्यांच्या वडिलांच्या बाबतीत आधीच झालेला आहे, एवढे डॉक्टरांना सांगायला विसरू नये.

शब्दवेल

तो कसा झाला होता यावर ते अवलंबून आहे. घाईत आणि वाकलेल्या बाजूने झाला असेल तर मी तो प्रयत्न मोजणार नाही.

प्रवाळ

या एका बाबतीत हे दोघे सहमत होणार नाहीत असे दिसते, आणि त्यात काही वावगे नाही. अनुराधाताई, पहिल्या तपासणीचे चित्रीकरण मिळाले तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा; दुर्बीण कुठून गेली ते त्यात दिसेल.

घसादर्पण

राईल्स नळीचे राहिले. बहुधा ती तशीच ठेवून दुसऱ्या नाकपुडीतून दुर्बीण घालतात. तुमच्या वडिलांची डावी बाजू त्यासाठी पुरेशी मोकळी आहे का, हे आधी पाहून घ्यायला सांगा. ती चोंदलेली असेल तर नळी काढून उजवीकडून दुर्बीण घालावी लागेल आणि तपासणीनंतर नळी पुन्हा टाकावी लागेल. ते तपासणीपेक्षा अधिक त्रासाचे होते, त्यामुळे तो निर्णय त्या दिवशी खुर्चीत बसल्यावर होऊ देऊ नका, आदल्या भेटीतच करून घ्या.

अनुराधा_क

पहिले चित्रीकरण मिळाले आहे. दुर्बीण उजवीकडूनच, नळीच्या शेजारून घातलेली दिसते. दोन्ही डॉक्टरांना दाखवते आणि तपासणी झाल्यावर इथेच लिहिते.